विमानतळावरचा भाडोत्री भाचा

पहिली काच फुटली, तेव्हा मी फोनवर एका गिऱ्हाइकाला आमची गाडी किती सुरक्षित आहे ते पटवून देत होते. "अगदी घरच्यासारखं समजा," असं म्हणून रिसीव्हर ठेवला आणि तो लगेच पुन्हा खणखणला. विमानतळाबाहेरच्या बूथवरून आमचा ड्रायव्हर बोलत होता. डाव्या बाजूची मागची काच गेली, दार लाथांनी आत चेपलं आणि मागे बसलेल्या पॅसेंजरच्या मांडीवर सगळा चुरा पडला, असं त्याने एका दमात सांगितलं. पॅसेंजर काय म्हणतायत, असं मी विचारलं.

"काय बी म्हणत न्हाईत. तोंड तेवढं उघडं हाय."

मी म्हटलं, त्यांना पाणी द्या आणि आपल्यातर्फे दिलगिरी व्यक्त करा. दिलगिरी. त्या वयात मला असले शब्द फार आवडत.

आज माझ्यातल्या त्या बाईकडे बघते तेव्हा तिला खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. पन्नाशीला टेकलेली, कडक इस्त्रीची सुती साडी, फोनच्या वर भिंतीला पुण्याचा नकाशा टाचलेला, आणि त्या नकाशासमोर उभं राहून पेन्सिलीने आपणच आपल्याला रस्ते दाखवायची. थाट सेनापतीचा. सैन्यात एक गाडी आणि एक ड्रायव्हर.

झालं होतं असं, की ह्यांच्या कारखान्यात नवी यंत्रं आली, नवे साहेब आले, आणि जुन्या माणसांनी स्वेच्छेने घरी जावं अशी कंपनीची फार इच्छा झाली. त्याप्रमाणे हे स्वेच्छेने घरी आले. हातात जे मिळालं ते सगळंच्या सगळं आम्ही एका पांढऱ्या गाडीत घातलं. कल्पना माझी. पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या मागे लागला होता. पोरं बंगलोर-दिल्लीला विमानाने जाऊन येत होती, त्यांचे आईबाप अमेरिकेला बाळंतपणं उरकायला निघाले होते. ह्या सगळ्यांना विमानतळावर नेणारं-आणणारं कुणीतरी लागणार, हे मला दिसलं. ही गाडी बंद पडली तर घर बंद पडेल, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

मला जे दिसलं नव्हतं ते विमानतळाच्या दारातच उभं होतं. तिथे टॅक्सीवाल्यांचा स्टँड होता. पिवळ्या नंबरपाटीच्या गाड्या एकामागे एक लाइनीत. ज्याचा नंबर लागेल त्याचा पॅसेंजर. बाहेरून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी यायची आणि भाडं उचलून निघून जायची, ती त्यांच्या लेखी चोर. चोराचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आमच्या गाडीची पाटी पांढरी. पिवळ्या पाटीचा परवाना आज मिळेल, उद्या मिळेल, असं चाललं होतं.

स्टँडच्या म्होरक्याला सगळे दादा म्हणत. मनगट खलबत्त्यातल्या बत्त्याएवढं, शर्ट पांढराशुभ्र आणि आवाज एखाद्या शाळकरी मुलीसारखा बारीक. काच फोडून झाल्यावर त्याने ड्रायव्हरजवळ निरोप दिला होता, की पुन्हा ही गाडी इथे भाडं उचलताना दिसली तर पेटवून देईन. ड्रायव्हरने तो निरोप जसाच्या तसा आणून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

हा आमचा ड्रायव्हर वाघोलीचा. तिशी ओलांडलेला, रुंद, आधी दगडखाणीवर डंपर चालवायचा. बोलायचा कमी आणि गाडी पुसायचा जास्त. ह्यांनी कारखान्यात उभा जन्म पत्र्याचं काम बघितलेलं. दोघांनी मिळून दार आतून ठोकून सरळ केलं, नवी काच बसवली. हात पुसत हे मला म्हणाले, "पुढचा हुकूम?"

हुकूम मला सुचला तो मंडईत. कोबी निवडत होते. शेजारच्या बाईसमोर एक चांगला मिशीवाला बाप्या आला आणि सगळ्या पालापाचोळ्यात तिच्या पाया पडला. भाचा असणार. तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला, त्याने तिची पिशवी घेतली, दोघं निघून गेली. आजूबाजूच्या एकानेही मान वर करून पाहिलं नाही. मी कोबी तिथेच टाकला. नातेवाइकाला न्यायला आलेल्या माणसाला कोण अडवणार? पांढरी पाटी असायला काय हरकत, गाडी घरचीच की.

घरी येताच फर्मान निघालं. नावाची पाटी धरून उभं राहणं बंद. गिऱ्हाइकाला आधी फोन करून सांगायचं, की बाहेर आलात की निळ्या शर्टातला एक रुंद माणूस येऊन तुमच्या पाया पडेल. दचकू नका, बॅग त्याच्या हातात द्या, घरची खुशाली विचारा आणि चालू लागा.

दिवाणखान्यात तालीम झाली. हे सुटकेस घेऊन स्वयंपाकघरातून आले, म्हणजे विमानातून. ड्रायव्हर अवघडून उभा.

"वैनी, हे मला जमायचं न्हाई."

"आईच्या पाया पडता ना?"

"पडतो. म्हनूनच जमायचं न्हाई."

हे उत्तर मला तेव्हा विनोदी वाटलं. मी त्याला पुन्हा वाकायला लावलं, आणि कंबरेतून वाका, नुसतं गुडघ्याला हात लावून भागणार नाही, अशी सूचनाही केली.

आणि चाललं हो ते. भाच्याच्या जिवावर आमची गाडी विमानतळाच्या दारात उभी राहायला लागली. मारही चालू राहिला, फक्त सुटा सुटा. बंगलोरहून आलेल्या एका इंजिनियर पोराला मी फोन करायला विसरले. अनोळखी माणूस पायाशी झेपावलेला बघून त्याने घाबरून लॅपटॉपची बॅग अशी हाणली की भाच्याचा ओठ फाटला. रक्त गळत असताना त्याने बॅग घेतली आणि घरी सगळे बरे आहेत असं सांगितलं. अमेरिकेहून परतलेल्या एका आजींनी तर त्याला खरोखरच आशीर्वाद दिला, मुलं किती म्हणून विचारलं आणि दोनच ऐकल्यावर कोथरूडपर्यंत बोलणी ऐकवली. स्टँडवाले हे सगळं बघत होते. एकदा टायरमध्ये खिळा निघाला. एकदा बाजूचा आरसा मुळापासून उपटून बॉनेटवर नीट मांडून ठेवलेला. एकदा तो वाकलेला असताना मागून कुणीतरी गंमत म्हणून गुडघा घातला. तो पॅसेंजरच्या बुटांवर तोंडावर आपटला, उठला, शर्ट झटकला आणि राहिलेला नमस्कार पुरा केला. हे मला त्याने सांगितलं नाही, पॅसेंजरने सांगितलं. मी पॅसेंजरला म्हटलं, बघा, किती नम्र माणूस आहे आमचा.

दादाने एकदा त्याला बारीक आवाजात विचारलं होतं, की तुझे मामे-मावश्या रोज विमानानं येतात होय रे. हा म्हणाला, मोठं खटलं आहे आमचं.

आमचं हे मोठं खटलं बुडवलं एका निवृत्त प्राध्यापकांनी. पेठेतले. दिल्लीहून भर दुपारच्या विमानाने येणार होते. मी फोनवर सगळी पढवणी केली, त्यांनी सगळी नीट ऐकून घेतली, आणि "म्हणजे थोडक्यात, नाटक करायचं," असं म्हणाले. मी हो म्हटलं. ते म्हणाले, बघू. पुण्यात चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या बाईला त्या 'बघू'चा अर्थ कळायला हवा होता. मी त्याला होकार समजले.

ठरल्याप्रमाणे भाचा वाकला. दादा आपल्या चार माणसांना घेऊन मध्ये आला आणि त्याने प्राध्यापकांना अगदी आदराने विचारलं, "काका, हा कोण तुमचा?"

"माझा कोणी नाही," प्राध्यापक म्हणाले. "ह्यांना मी आजच पाहतोय. ह्यांची गाडी ठरवलेली आहे. वेळेवर आलेले आहेत, एवढं मी खात्रीने सांगू शकतो."

सत्याचा इतका सणसणीत प्रयोग मी पुन्हा पाहिला नाही. प्राध्यापकांनी तो करून झाल्यावर बूथवरून मला फोन केला. तुमच्या माणसाला इथे पार्किंगच्या मागे मारहाण चालू आहे, त्यामुळे माझी गाडी सुटायला विलंब होतोय, माझी जेवायची वेळ टळून गेलेली आहे, तरी आपण लक्ष घालावं.

हे परवान्याच्या कामाला गेलेले. मी तशीच रिक्षात बसले. रस्ताभर माझं डोकं भाषणाची जुळवाजुळव करत होतं. कायदा, सुव्यवस्था, खासगी उद्योग, नवं आर्थिक धोरण. मी तिथे जाऊन ह्या मुद्द्यांवर बोलणार होते. काय बाई होती.

पार्किंगच्या मागे भिंत आणि भिंतीमागे मोकळं मैदान. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. प्राध्यापक एका झाडाखाली स्वतःच्या सुटकेसवर बसलेले, डोक्यावर ओला रुमाल. मला बघून ते म्हणाले, मी त्यांना हे योग्य नव्हे असं सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.

ड्रायव्हर गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. निळा शर्ट पाठीवर उभा फाटलेला, एक डोळा मिटून गेलेला. दोघांनी त्याला उठवून उभं केलं, त्याचा डावा हात धरून दाराच्या फटीत ठेवला आणि तिसऱ्याने दार लोटलं. जोरात नाही. आपण कपाटाचं दार लोटतो तसं. त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता, आणि मी तयार केलेलं भाषण तिथेच, पहिल्या मुद्द्याच्या आधी, संपलं.

दादा गाडीच्या पलीकडे होता. मागचं दार उघडून तो बाटलीतलं पेट्रोल सीटवर शिंपडत होता. सावकाश, तुळशीला पाणी घालावं तसं. बाटली रिकामी झाली. त्याने ती बाजूला ठेवली आणि खिशातून काडेपेटी काढली. मी कशी गेले ते आठवत नाही. मला त्याचा शर्ट धरायचा होता, तो हाताला लागला नाही. दंड लागला. हातांत काही बळ नाही हे मला जाणवलं, आणि दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून मी चावले.

चावले म्हणजे कशी. पेरूला लावतात तसे दात लावले आणि सोडले नाहीत. माझे दात तेव्हा सगळे माझेच होते. त्याने मला झटकलं, माझं डोकं गाडीच्या टपावर आपटलं, अंबाडा सुटला, पण जबडा सुटेना. त्याने दुसऱ्या हाताने माझ्या तोंडात मारली. तोंडात खारट लागलं ते त्याचं होतं की माझं, देवाला ठाऊक. काडेपेटी खाली पडली तेव्हा मी त्याला सोडलं. दादा दंडाकडे बघत होता. वरचे दात, खालचे दात, सगळी हजेरी लागलेली, आणि मधून रक्ताच्या रेघा कोपरापर्यंत. मग त्याच्याच माणसांतला एक जण फुस्स करून हसला. मग दुसरा. मग सगळेच हसायला लागले, ड्रायव्हरचा हात धरून ठेवणारेसुद्धा, आणि धरलेला हात त्यांनी हसता हसता सोडला.

हसण्याचा आवाज ऐकून गेटावरचा हवालदार आला. इतका वेळ मारल्याचा आवाज त्याला ऐकू गेला नव्हता. काय झालं म्हणून त्याने दादाचा दंड बघून विचारलं.

दादा म्हणाला, "काही नाही. कुत्रं चावलं."

दवाखान्यापर्यंत गाडी मीच चालवली. माझ्याकडे गाडी चालवायचा परवाना होता. त्याचा उपयोग आजवर मंडईत जाण्यापुरता झालेला. शेजारी ड्रायव्हर, माझ्या पदराचा तुकडा बोटांना गुंडाळून. मागे प्राध्यापक, पेट्रोलने भिजलेल्या सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसलेले. माझा ओठ सुजून नाकाला लागला होता, आणि मागून सूचना येत होती, की आता जरा सावकाश घ्या, मघाशी घाई ठीक होती.

ड्रायव्हरची दोन बोटं प्लास्टरमध्ये गेली. तिथेच बाकावर बसून मी त्याला सांगितलं, की आता मी त्यांना सोडत नाही, आज पोलिसांत तक्रार. त्याने प्लास्टरकडे बघितलं. मग त्याने, करा वैनी, एवढंच म्हटलं. संध्याकाळी मी तक्रार केली. सगळं सांगितलं, दार, बोटं, पेट्रोल, आणि मी त्याला कसं थांबवलं तेही. लिहून घेणाऱ्याने दोनदा वर बघितलं.

पुढच्या आठवड्यात दादा घरी आला. एकटा, दंडाला बँडेज, हातात फळांची पिशवी. मी दार उघडलं आणि दोघंही एक एक पाऊल मागे सरलो. ह्यांनी त्याला बसा म्हटलं, कारण आमच्या घरी दारात आलेल्या माणसाला बसा म्हणतात, मग तो कुणी का असेना. त्याने चहा घेतला. मग बारीक आवाजात मुद्द्यावर आला. तक्रार पुढे गेली तर कोर्टात जाईल. कोर्टात गेली तर संध्याकाळच्या पेपरात येईल. टॅक्सी स्टँडच्या पुढाऱ्याला बाईने चावलं, असं एकदा छापून आलं, की स्टेशनच्या स्टँडपासून सगळ्या पुण्यात त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मारामारीचं काही वाटत नाही, काकू, तो म्हणाला, मारामारीने माणूस मोठाच होतो.

त्याची मागणी अशी, की तक्रार मागे घ्या, आणि कुणी विचारलं तर दंडाला कुत्रं चावलं. बदल्यात पिवळ्या पाटीचं काम तो स्वतः करून देईल, आणि आमची गाडी लाइनीत घेईल. रोज नंबर, हक्काचा पॅसेंजर. लाइनीतल्या गाडीकडे कुणी डोळा वर करून बघणार नाही, ही जबाबदारी त्याची.

माझ्या सेनापतीणबाईंनी काय करावं? त्यांनी नकाशाकडे एकदा पाहिलं. गाडी वाचत होती, घर वाचत होतं, शत्रू स्वतः चालत शरण आला होता. कुत्रं व्हायला त्यांची काही हरकत नव्हती. हे मात्र म्हणाले, ड्रायव्हरला विचारायला हवं. मी म्हटलं, त्याला काय विचारायचं, त्याच्याच भल्याचं आहे, त्याला आता कुणापुढे वाकावं लागणार नाही.

तक्रार मागे घेऊन मी वाघोलीला गेले ती पेढे घेऊन. तो खाटेवर बसला होता, प्लास्टरचा हात मांडीवर. मी लाइन, नंबर, पिवळी पाटी, सगळं रंगवून सांगितलं. त्याने मधेच विचारलं, "म्हंजी त्येंचं काय झालं न्हाई?" मी म्हटलं, जाऊ द्या हो, झालं ते झालं, आता ते आपलेच. त्याने एक पेढा उचलला, खाल्ला नाही, परत खोक्यात ठेवला आणि बरं म्हणाला.

मी तो होकार समजले. पेठेतल्या प्राध्यापकाच्या 'बघू'पायी तोंड फोडून घेतलं होतं तरी अक्कल आली नव्हती.

महिनाभराने पाटी पिवळी झाली. गाडी लाइनीत लावायचा दिवस मी पंचांगात बघून ठरवला. सकाळी सकाळी ताट घेऊन स्टँडवर हजर. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. हे ऐनवेळी पाठ धरून घरी झोपले होते. दादाने आपल्या माणसांना आंघोळी करून बोलावलं होतं. ड्रायव्हरचा हात दाराच्या फटीत ठेवणारे दोघं हार बांधायला पुढे. मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं. हवालदारही प्रसादाच्या आशेने आला. नारळ ड्रायव्हरच्या हातून वाढवायचा, अशी आपली पद्धत; गाडी तो चालवणार. मी नारळ त्याच्या उजव्या हातात दिला. डावीकडची दोन बोटं अजून पट्टीत होती.

तो चाकापाशी गेला. दादाने मोठेपणाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वाक की. सवय आहे तुला."

सगळे हसले. मीही हसले असेन. तोंडात नाही म्हणायला दात होतेच.

ड्रायव्हर वाकला नाही. त्याने नारळ डोक्यावर नेला आणि सगळ्या अंगाने पुढच्या काचेवर घातला. पहिल्या घावाला काच पांढरी झाली. नारळ हातात तसाच होता. दुसऱ्या घावाला नारळ फुटला आणि काच खोबऱ्यासकट आत सांडली. पाणी स्टिअरिंगवर उडालं. पट्टीवरून रक्त यायला लागलं. तो हातही त्याने काचेत घातला होता की काय कोण जाणे. हार तोडून त्याने जमिनीवर टाकला, त्याच्यावर पाय दिला, किल्ली माझ्या ताटात ठेवली आणि फाटकाकडे चालू लागला. पळाला नाही.

दादाची माणसं त्याच्या मागे निघालीच होती. एकाच्या हातात जॅकचा दांडा आलेला. दादाने हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळला. लाइनीतल्या गाडीची काच होती ती, आता त्याचीच जबाबदारी.

"बोला काकू. आणू फिरवून?"

फाटकापर्यंत फार अंतर नव्हतं. तो मागे बघत नव्हता. मी हो म्हटलं असतं तर त्याची उरलेली आठही बोटं गेली असती, आणि ह्या वेळी माझ्या परवानगीने, माझ्या गाडीसाठी.

"एक माणूस जरी त्याच्या मागे गेला," मी म्हटलं, "तर मी आत्ता पेपरच्या कचेरीत जाईन. आणि तोंड उघडून दात दाखवीन."

दादाने हात खाली घेतला. दांडा गाडीखाली सरकवला गेला. हवालदार प्रसाद न घेता गेला. मग दादा शांतपणे म्हणाला, नंबर आलाय तुमचा, लाइन खोळंबलीये, गाडी काढणार की बाहेर लावणार? बाहेर लावली तर पुन्हा आत नाही. नियम सगळ्यांना सारखा.

म्हणून मी बसले. पदराने सीटवरचा चुरा लोटला, तरी मांडीला टोचत होताच. नंबराप्रमाणे आलेला पॅसेंजर खराडीच्या कुठल्याशा नव्या कंपनीत निघालेला तरणा मुलगा. सामान टाकून मागे बसल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"काकू, समोरची ग्लास नाहीये?"

"हवेशीर आहे," मी म्हटलं आणि पहिला गिअर टाकला.

नगर रस्त्याला लागल्यावर सगळी धूळ सरळ तोंडात. डंपर शेजारून गेले की खडी अंगावर यायची. मुलाने लॅपटॉपची बॅग तोंडासमोर धरली होती आणि मोबाइलवर कुणाला तरी इंग्रजीत सांगत होता, की आपण एका वेड्या बाईच्या गाडीत आहोत. डोळे बारीक करून चालवत होते म्हणून तो मला उशिरा दिसला. वाघोलीच्या दिशेने, रस्त्याच्या कडेने, एकटा, डाव्या हाताची पट्टी लाल. गाडीचा आवाज त्याने ओळखला. वळला. मी वेग कमी केला. हाक मारावी असं वाटत होतं, पण काय म्हणून मारायची ते सुचेना, आणि सुचलं असतं तरी तोंड धुळीने भरलं होतं.

तो खाली वाकला. उठला तेव्हा उजव्या हातात दगड होता. खाणीवरच्या माणसाने निवडावा तसा, नेमका मुठीत बसणारा. माझ्यात आणि त्याच्यात काच नव्हती. त्याने हात खांद्यापर्यंत नेला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ब्रेकही लावला नाही आणि पळवलीही नाही. ज्या गतीने चालले होते त्याच गतीने त्याच्या समोरून गेले.

दगड त्याने तिथेच टाकला, की हातात धरून घरापर्यंत नेला, ते मला आरशात दिसलं नाही. मागची काच शाबूत राहिली.